स्टेशनपासून पाच मिनिटे: मुंबईत शहर आणि उपनगर यांच्या गैरसोयींचा हिशेब

मुंबईच्या आसपासच्या घरांच्या जाहिरातींत ‘स्टेशनपासून चालत पाच मिनिटे’ हे वाक्य इतके ठरलेले आहे की ते कोणी मोजून पाहत नाही. ही पाच मिनिटे बहुधा रात्री अकरा वाजता, मोकळ्या रस्त्यावरून, हातात पिशवी नसलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलाने मोजलेली असतात. गिरगाव, काळबादेवी किंवा परळ भागातल्या जुन्या घराचा व्यवहार होताना मात्र स्टेशनचे अंतर क्वचितच निघते. तिथे विचारतात ते खोलीचे चौरस फूट, संडास आत आहे की बाहेर, आणि इमारतीला टेकू लागले आहेत का. शहरात माणूस जागेपायी अडतो आणि उपनगरात वेळेपायी, हे या दोन चौकश्यांतच कळून येते. एकीकडची अडचण सोडवायला दुसरीकडे जावे तर ती सुटते खरी, पण तिची भरपाई वेगळ्या खात्यातून करावी लागते. ती घरातल्या नेमक्या कोणाच्या खात्यातून होणार, याचा विचार घर घेताना फारसा होत नाही.

आधी शब्दांचा गोंधळ दूर केला पाहिजे, कारण मुंबईत ‘उपनगर’ या शब्दाचे निदान दोन अर्थ आहेत. सरकारी अर्थाने कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतचा भाग म्हणजे मुंबई शहर जिल्हा, तर वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा भाग म्हणजे १९९० मध्ये वेगळा झालेला मुंबई उपनगर जिल्हा. दोन्ही मिळून महापालिका मात्र एकच. बोलण्यातल्या अर्थाने ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर, मीरा रोड, वसई, विरार हीसुद्धा उपनगरेच, कारण तिथली माणसे रोज लोकलने मुंबईत येतात. पण त्यांच्या महापालिका आणि नगरपालिका निराळ्या आणि पाण्याचे नळही निराळे. गिरगावकर अंधेरीला उपनगर म्हणतो आणि अंधेरीकर डोंबिवलीला गाव म्हणतो, हा आमच्याकडचा जुना विनोद आहे. डोंबिवलीकर बदलापूरला काय म्हणतो ते त्या विनोदात येत नाही, एवढेच. या लेखात मी शहर, महापालिकेच्या हद्दीतले जवळचे उपनगर आणि हद्दीबाहेरचे दूरचे उपनगर अशी तीन वर्तुळे धरली आहेत.

माणसे या वर्तुळांत कोणत्या दिशेने सरकली हे जनगणनेत स्पष्ट दिसते. २००१ मध्ये शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांच्या वर होती, ती २०११ मध्ये ३१ लाखांच्या आत आली. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३ लाखांपुढे गेला, आणि तेव्हा पालघर ज्यात धरलेला होता तो ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून एक कोटी १० लाखांवर पोहोचला. मुंबईत जागा उरली नाही असे म्हणण्यापेक्षा, ज्यांना मुंबईत काम आहे त्यांना परवडेल अशी जागा तिथे उरली नाही, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

शहरातली घरे इतकी लहान आणि इतकी जुनी का राहिली, याचे मोठे कारण भाडे नियंत्रणाच्या कायद्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई झाली आणि भाडी भडकली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे साधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवणे हा हेतू होता आणि तो साधलाही. पण भाडे वाढत नाही म्हटल्यावर मालकाने दुरुस्तीवर खर्च करणे सोडले, आणि इतक्या स्वस्तातली जागा हातची जाऊ नये म्हणून भाडेकरूने ती सोडणे सोडले. भाडेकरूच्या हक्कालाच बाजारभाव आला; जागा दुसऱ्याच्या नावावर करताना ठोक रक्कम द्यायची आणि तिच्यातला वाटा मालकाला मिळायचा, अशी पागडीची पद्धत रुजली. पुढे १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. चाळीस रुपये भाड्याच्या चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. त्यात इमारतीच्या जिन्याची एक पायरीही बदलून होत नाही.

मालक दुरुस्ती करत नाही म्हणून १९६९ मध्ये सरकारने इमारतींवर उपकर बसवला आणि त्यातून दुरुस्ती करण्यासाठी मंडळ नेमले, जे आता म्हाडाकडे आहे. अशा उपकरप्राप्त इमारती सुरुवातीला १९,६४२ होत्या आणि त्या सगळ्या शहर भागातल्याच. आजही त्यांतल्या हजारो उभ्या आहेत, आणि दर पावसाळ्याआधी त्यांतल्या अतिधोकादायक इमारतींची यादी वर्तमानपत्रांत छापून येते. नोटीस मिळूनही रहिवासी घर का सोडत नाहीत, असा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, गेलेली कुटुंबे दशकानुदशके तिथेच राहिलेली त्यांनी पाहिलेली असतात, हे त्याचे उत्तर. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. तिचा पुनर्विकास ठरलेला होता आणि तरीही काही कुटुंबे आत होती.

माझे लहानपण गिरगावातल्या अशाच एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर गेले. खोली पावणेदोनशे चौरस फुटांची आणि माणसे सात, त्यामुळे मोठा भाऊ आणि काका रात्री गॅलरीत झोपत. आजी घसरून पडली आणि तिचे मांडीचे हाड मोडले, तेव्हा स्ट्रेचर वर आले खरे, पण जिन्याच्या काटकोनी वळणावर ते काही केल्या वळेना. शेवटी शेजारच्यांची लाकडी खुर्ची आणली, आजीला जुन्या नऊवारीने खुर्चीला घट्ट बांधले आणि दोघांनी पुढचे पाय व एकाने पाठ धरून तिला एकेक पायरी खाली आणले. प्रत्येक पायरीला ती ‘हळू रे’ म्हणत होती आणि खालच्या मजल्यावरची सगळी बिऱ्हाडे दार उघडून बघत होती. जिना उतरायला पंचवीस मिनिटे लागली आणि तिथून रुग्णालयात पोहोचायला सात. शहरातल्या राहण्याचा विचार करताना मला हे दोन आकडे नेहमी एकत्रच आठवतात.

पुनर्विकास झाला की जागेचा प्रश्न बराचसा सुटतो. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात आता ५०० चौरस फुटांचे घर मिळते, ही लहान गोष्ट नाही. पण ज्याचे भाडे शंभर-दीडशे रुपये होते, त्याच्याकडे उंच इमारतीत लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षक यांचा मिळून काही हजारांचा मासिक मेंटेनन्स येतो. मालकी हक्क मिळाल्यावर अनेक जण ते घर विकतात किंवा भाड्याने देतात आणि स्वतः दूरच्या उपनगरात राहायला जातात. गिरणगावातून बाहेर पडण्याची लाट त्याआधीची. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कामच गेले, तेव्हा कामाजवळ राहण्याचे कारणही गेले. शहरातल्या इतर तक्रारी, म्हणजे गाडी लावायला जागा नाही, रिक्षाला माहीम आणि शीवच्या अलीकडे येऊ देत नाहीत म्हणून जवळच्या अंतरालाही टॅक्सी पाहावी लागते, या खऱ्या असल्या तरी त्यांच्यासाठी कोणी घर सोडत नाही.

जवळच्या उपनगराची अडचण समजायची तर टीडीआर हा शब्द समजून घ्यावा लागतो, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. एखाद्याची जमीन रस्त्यासाठी किंवा बागेसाठी आरक्षित असेल, तर महापालिका ती घेऊन त्याला पैशांऐवजी तेवढे बांधकाम दुसरीकडे करण्याचा हक्क प्रमाणपत्राच्या रूपात देते. हा हक्क विकता येतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हा हक्क शहर भागात वापरायला मनाई केली आणि तो उत्तरेकडे, म्हणजे उपनगरांत वापरायला मुभा दिली. तोवर उपनगरात भूखंडाच्या क्षेत्रफळाएवढेच बांधकाम करता येत असे, ते टीडीआर विकत घेऊन दुप्पट करता येऊ लागले. पार्ले, मालाड, घाटकोपर या भागांतल्या दोन मजली सोसायट्यांच्या जागी सात-सात मजले आले. रस्ता मात्र पूर्वीच्याच रुंदीचा राहिला आणि मलवाहिनीही तीच राहिली. उपनगरातली कोंडी तिथल्या लोकांनी ओढवून घेतली असे शहरातले लोक म्हणतात तेव्हा मला हे आठवते. त्या कोंडीचा काही भाग रीतसर नियमाने इकडे पाठवलेला आहे.

आता लोकल. मुंबई ही दक्षिणोत्तर चिंचोळी पट्टी आहे, कचेऱ्या दीर्घकाळ तिच्या दक्षिण टोकाला राहिल्या आणि घरे उत्तरेकडे वाढत गेली, त्यामुळे सकाळी सगळ्यांना एकाच दिशेने जायचे असते आणि संध्याकाळी सगळ्यांना उलट. करोनापूर्वी लोकलने रोज ७५ लाखांच्या आसपास प्रवास होत होते. गर्दीच्या वेळी उभ्या प्रवाशांची संख्या एका चौरस मीटरला १४ ते १६ पर्यंत जाते आणि त्यासाठी रेल्वेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्दच घडवावा लागला आहे. एक चौरस मीटर म्हणजे साधारण आपल्या देवघरासमोर अंथरलेल्या सतरंजीएवढी जागा. शहरातल्या खोलीत सात माणसे राहतात म्हणून ती सोडून आलेला माणूस रोज सकाळी या जागेत उभा राहतो.

डोंबिवलीचे उदाहरण घेऊ, कारण तिथल्या प्रवासाचा मला पंधरा वर्षांचा अनुभव आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर आहे. घरून स्टेशनपर्यंत वीस मिनिटे, फलाटावर दहा, जलद गाडीत सत्तर-पंचाहत्तर आणि उतरल्यावर कचेरीपर्यंत पंधरा, असे मिळून एका बाजूला दोन तासांना थोडे कमी. येऊन-जाऊन कमीत कमी साडेतीन तास धरले आणि वर्षाचे कामाचे दिवस २७५ धरले, तर ९६२ तास होतात, म्हणजे अखंड चाळीस दिवस. गिरगावात राहून फोर्टात काम करणाऱ्याचा रोजचा एक तास धरला तर त्याचे साडेअकरा दिवसच जातात. उरलेले साधारण अठ्ठावीस दिवस हे डोंबिवलीतल्या मोठ्या घराचे दरवर्षी न चुकता भरायचे भाडे आहे, आणि ते कर्ज फिटल्यावरही थांबत नाही.

हिशेबात न येणारी गोष्ट म्हणजे शरीराची झीज. डोंबिवलीला जलद गाडीत पाय ठेवायलाही मिळत नाही, म्हणून कित्येक जण आधी उलटे कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. ते ‘रिटर्न’ येणारे आणि कल्याणला चढणारे यांच्यात जागेवरून रोजची धुसफूस असते. गाडीत बसायला मिळावे म्हणून अर्धा तास जास्त प्रवास करणे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण चाळिशीनंतर ज्याचे गुडघे बोलू लागतात त्याला ते विचित्र वाटत नाही. ठाणे आणि दिवा यांच्यामध्ये पाचवा-सहावा मार्ग २०२२ मध्ये सुरू झाला, तरी दारात लटकणे संपलेले नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांतले लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि त्यांतले काही दगावले. ते आपापल्या घरून वेळेवर निघालेले होते.

दूरच्या उपनगरात वेळेखेरीज आणखी एक जोखीम असते, ती म्हणजे कागदपत्रांची. शहरातली इमारत म्हातारी होऊन पडते. दूरच्या उपनगरात ती कोवळी असतानाच पडू शकते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा भागात लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत, बांधकाम चालू असतानाच माणसे राहायला आलेली, कोसळली आणि सत्तरहून अधिक माणसे मेली. घर स्वस्त का आहे, याचे कारण कधी अंतर असते आणि कधी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला, नसणे असते. जाहिरातीत दोन्ही कारणे सारखीच दिसतात. बँकेने कर्ज दिले म्हणजे इमारत अधिकृत, असा एक समज फार पसरलेला आहे. तो पुरेसा नाही. मंजूर आराखडा, बांधकामाला सुरुवात करण्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद महापालिकेत जाऊन स्वतः पडताळावेत.

पाण्याची गोष्ट थोडी उलटी आहे. मुंबईला पाणी देणारे तानसा, वैतरणा आणि भातसा हे जलाशय मुंबईच्या हद्दीबाहेर आहेत, आणि त्यांतले पाणी जलवाहिन्यांतून मुंबईला जात असताना शहापूर तालुक्यातल्या गावांना एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतो. दूरच्या उपनगरांतल्या नव्या संकुलांचाही मोठा भाग उन्हाळ्यात टँकरवर असतो. म्हणून घर पाहायला जावे ते मे महिन्यात, आणि सोसायटीच्या सूचनाफलकावर टँकरच्या वर्गणीची सूचना आहे का ते वाचावे. पोहण्याचा तलाव नंतर पाहता येतो.

पावसाच्या बाबतीत शहर नेहमीच वाईट आणि उपनगर बरे, किंवा त्याच्या उलट, असे काही सांगता येत नाही. २६ जुलै २००५ च्या त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना मिठी नदीकाठी काय चालले आहे याची कल्पनाही नव्हती. बदलापूरकरांना उल्हास नदीचे पाणी तेव्हाही घरात आलेले आठवते आणि २०१९ चेही, ज्या वर्षी २७ जुलैला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली. पाणी घरात शिरले नाही तरी रूळ बुडतात, आणि रूळ बुडले की दूरच्या उपनगरातला माणूस कचेरीत किंवा फलाटावर रात्र काढतो. शहरातल्याला गुडघाभर पाण्यातून का होईना, चालत घरी जाता येते.

या सगळ्याचा भार घरातल्या माणसांवर सारखा पडत नाही, आणि तुलनेचा कळीचा मुद्दा मला तोच वाटतो. उपनगरात गेल्यावर कमावत्या माणसाचे चाळीस दिवस जातात, पण शाळकरी मुलाला अभ्यासाला वेगळी खोली मिळते आणि खाली खेळायला आवार मिळते. सून नोकरी करणारी असेल तर तिचे चाळीस दिवस जातात आणि पहाटेचा स्वयंपाक वेगळाच. पहिली लेडीज स्पेशल १९९२ मध्ये सुरू झाली, पण त्या गाडीने तिचा गॅस पेटवण्याची वेळ पुढे ढकलली नाही. म्हाताऱ्या माणसांचे गणित आणखी निराळे. त्यांना लिफ्ट हवी, ती उपनगरात मिळते. पण केईएम, नायर, शीवचे रुग्णालय, जेजे आणि टाटा कॅन्सर रुग्णालय ही मोठी सार्वजनिक रुग्णालये सगळी शहरात आहेत, आणि महिन्यातून दोनदा तपासणीला जायचे तर लोकलची गर्दी किंवा टॅक्सीचे भाडे यांतले एक सोसावे लागते. एकेकाळी नाटके आणि व्याख्याने मागे सुटतात अशीही तक्रार असायची. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे फुले कलामंदिर यांनी ती बरीच निकालात काढली आहे.

शिवाय कामाची जागाही आता एकाच टोकाला राहिलेली नाही. वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरीचे सीप्झ, पवई, मालाड, ऐरोली इथे नोकऱ्या सरकल्या, आणि ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण मार्गावर धावते आहे. म्हणून ‘जवळ’ हा शब्द पत्त्याला चिकटलेला नसतो, नोकरीला चिकटलेला असतो. ठाण्यात राहून ऐरोलीला जाणारा माणूस गिरगावात राहून अंधेरीला जाणाऱ्यापेक्षा लवकर घरी पोहोचतो. पण नोकरी पाच वर्षांत बदलते आणि कर्ज वीस वर्षे चालते, तेव्हा नोकरी पाहून घर घेणेही तितके भरवशाचे राहिलेले नाही.

मागच्या दिवाळीनंतर माझा मावसभाऊ कल्याणला दोन घरे पाहून आला आणि त्याने माझे मत विचारले. मी म्हटले, सोमवारी सकाळी सव्वाआठला मावशीला घेऊन जाऊ. मावशी एकाहत्तर वर्षांची, डावा गुडघा दुखरा. पहिले घर जाहिरातीत स्टेशनपासून पाच मिनिटांवर होते. पदपथ फेरीवाल्यांनी भरलेला, रस्ता रिक्षांनी, आणि मध्ये पादचारी पुलाचे दोन जिने. मावशीला एकोणीस मिनिटे लागली आणि ती दोनदा बंद दुकानाच्या पायरीवर बसली. दुसरे घर स्टेशनपासून शेअर रिक्षाने वीस मिनिटांवर, पण भाजीबाजार, दवाखाना आणि मारुतीचे देऊळ एकाच सरळ रस्त्यावर. भावाने तेच घेतले. त्याच्या प्रवासात येऊन-जाऊन चाळीस मिनिटे वाढली, म्हणजे वर्षाला साडेसात दिवस. त्याची ८:०२ ची गाडी आता ७:३८ ची झाली आहे, आणि मावशी सकाळी भाजी आणायला एकटी जाते.